सागरी चित्रांतील आकाश कापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य चित्रकलेवरील मजकुरासोबत आपली वृत्तपत्रे जेव्हा सतराव्या शतकातील डच सागरी चित्रे छापतात, तेव्हा स्तंभाच्या मापात बसवण्यासाठी बहुधा वरचे आकाश कापले जाते. शांत पाण्यावरील जहाजांच्या चित्रांचे यात फार मोठे नुकसान होते.

विलेम व्हान द व्हेल्ड धाकटा (१६३३–१७०७) याचे ‘तोफेचा बार’ हे चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते सुमारे १६८० मधले, म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती त्या काळातले आहे. वारा पडला आहे, शिडे सैल लोंबत आहेत आणि युद्धनौकेने नुकत्याच काढलेल्या बाराचा धूर तिच्या कुशीलाच साचून राहिला आहे. क्षितिज इतके खाली आहे की चित्राचा बहुतांश भाग आकाशानेच व्यापला आहे. हवा किती स्तब्ध आहे हे त्या आकाशावरूनच उमगते. ते कापले की मागे केवळ जहाजाचा नमुना उरतो.

वादळाच्या किंवा लढाईच्या चित्रापुढे असे चित्र सोपे वाटते, पण माझे मत नेमके उलट आहे. खवळलेल्या समुद्रात फेस आणि काळोख बरेच काही झाकून घेतात. शांत पाण्यात मात्र डोलकाठी, दोरखंड, शिडाची प्रत्येक चुणी उघडी पडते आणि प्रतिबिंब जराही चुकून चालत नाही. ही अचूकता व्हान द व्हेल्डच्या घरातच होती. त्याचे वडील, थोरले विलेम, लहान गलबतातून डच आरमाराबरोबर जात आणि प्रत्यक्ष लढाया पाहून रेखाटने करीत. फ्रेंचांच्या स्वारीने हॉलंड हवालदिल झाल्यावर १६७२-७३ च्या हिवाळ्यात हे पितापुत्र इंग्लंडला गेले. इंग्लंड आणि हॉलंड यांचे तेव्हा युद्ध चालू होते, तरीही राजा दुसरा चार्ल्स याने १६७४ मध्ये दोघांना प्रत्येकी वार्षिक १०० पौंडांचे वेतन बांधून दिले: वडिलांना सागरी लढायांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला ती रंगवण्यासाठी. शत्रुपक्षाच्या चित्रकारांना असा आश्रय मिळावा, यातच त्यांच्या हाताची योग्यता दिसते.

शिडाच्या जहाजाला निर्वात म्हणजे निव्वळ विसावा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. वारा नसेल तर जहाज अडकून पडते, आणि शत्रू जवळ असेल तर ती स्थिती जिवावर बेतू शकते. म्हणूनच या चित्रांकडे दिवाणखान्यातील शोभेची वस्तू म्हणून पाहणे मला पटत नाही.

माझी विनंती एवढीच की, अशी चित्रे लहान आकारात छापावी लागली तरी चालेल, पण ती पूर्ण छापावीत, आणि खाली चित्रकार, साल, मूळ माप व संग्रहालय यांची नोंद द्यावी. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर अशा अनेक चित्रांच्या सुस्पष्ट प्रतिमा विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे यासाठी वेगळा खर्चही येणार नाही.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ला