फायर लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवू नका

मा. संपादक यांस,
स. न.

2025 च्या डिसेंबरात गोव्यातील हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत 25 जणांचा जीव गेला. तेव्हापासून परवाने, अरुंद वाटा यांवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते हवेच होते. फायर लाइनला, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनला, पाणी देणाऱ्या पंपरूममध्ये मात्र अजून कोणी डोकावत नाही.

फोंड्यातील आमच्या इमारतीत रहिवाशांनी वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला (आग विझवण्याच्या नळाला) होज लावून पाहिला. पाणी नोझलपुढे जेमतेम हातभर पडले. खाली धावत गेलो, तर पंपावरच्या गेजचा काटा व्यवस्थित दाब दाखवत होता! शेवटी रायझरच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपच्या, तळाचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह दिसला. यात आतली गोल चकती फिरवून पाणी अडवतात. त्याचा दर्शक जवळजवळ 'शट'वर होता. खालच्या मजल्यावर होज हातात ठरत नाही, म्हणून कोणीतरी भल्या हेतूने तो आवळला होता.

खरा धोका इथेच आहे. पाणी वाहत नसते तेव्हा अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो. त्यामुळे नुसते गेज पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते. होज उघडल्यावरच पाणी अडते. शिवाय चकतीच्या कडेने जोरात घुसणारे पाणी, चकती जिच्यावर घट्ट टेकते ती रबरी सीट खाते. मग दुरुस्तीसाठी लाइन बंद करायची तर व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. दाब जास्त असेल तर त्यासाठी दाब कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह मिळतो, तो बसवावा. फायर लाइनवरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह एरवी पूर्ण उघडाच हवा. तोही गिअर आणि चाकाचा. दांड्याचा व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात फटकन मिटतो आणि पाण्याचा दणका पाइपांना बसतो.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत व्हॉल्व्हचे स्पिंडल (चकती फिरवणारे आस) गंजून घट्ट बसतात. म्हणून चाक अधूनमधून पूर्ण फिरवून परत उघडे करावे लागते. आमच्या व्हॉल्व्हला आता उघड्या स्थितीत साखळी-कुलूप घातले आहे, चावी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगली आहे आणि दर महिन्याला वरच्या मजल्यावर पाणी सोडून बघतो.

अग्निशमन खात्याला कळकळीची विनंती, की तपासणीला येताना गेजवर थांबू नये. सर्वांत वरच्या हायड्रंटमधून प्रत्यक्ष पाणी सोडायला लावावे आणि मगच ना हरकत दाखल्यावर सही करावी.

आपला,
एक निवृत्त फिटर, फोंडा