घर पसंत पडेना म्हणून…

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

"पुण्यात भाड्याची एवढी घरं पाहिलीस, एक पसंत पडेना?" असं बाबा परवा फोनवर म्हणाले. घरं पसंत पडतात हो, इमारती पडत नाहीत. (वाक्य जरा भलतंच झालं, असो.)

धायरीचा फ्लॅट आईला व्हिडिओत फार आवडला होता. पण लिफ्टमध्ये बटणं चारच आणि फ्लॅट पाचव्या मजल्यावर! एजंट म्हणाला, "मॅडम, वरचा मजला नंतर चढवलाय." भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागितलं, तर मालकाने मिळकतकराची पावती पुढे केली. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. तो भरला म्हणून मजला अधिकृत होत नाही. जिन्यात आगीच्या पाइपाची लाल पेटी दिसली. उघडली, तर आत झाडू, फिनेलची बाटली आणि कुणाची तरी एक चप्पल. पाइपाचा पत्ता नाही. खरं तर दर जानेवारी आणि जुलैला ही यंत्रणा तपासून 'बी फॉर्म', म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. बाबांचा गुडघा घेऊन धुरातून तो जिना कोण उतरणार?

आईला तुळशीबागेजवळ हवं होतं, म्हणून कसब्यातला एक वाडाही पाहिला. तुळईला लोखंडी टेकू, दारावर धोकादायक इमारतीची अर्धवट फाडलेली नोटीस. आत गेलेच नाही.

आता कोथरूडचं. 1992 ची सोसायटी, दुसरा मजला, भिंतींना पोपटी ऑइलपेंट. आई, तू नाक मुरडणार. पण सेक्रेटरीकाकांनी न कुरकुरता फाइल समोर ठेवली. भोगवटापत्र होतं, स्ट्रक्चरल ऑडिट होतं (म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी; तीस वर्षांवरच्या इमारतीला ती करावीच लागते), शिवाय त्यानंतरच्या दुरुस्तीची बिलंही. तरी पार्किंगमधल्या खांबांना टिचक्या मारून पाहिल्या, बाबा नारळाला मारतात तशा. एका ठिकाणी प्लास्टर पोकळ वाजलं. काका म्हणाले, "तो खांब दुरुस्तीच्या यादीत आहे," आणि यादी दाखवली. तिथेच माझं ठरलं.

घरमालक नोटरीवर भागवू म्हणत होते. मी ऐकलं नाही. करार 11 महिन्यांचा आणि रजिस्टर्डच होईल. बाबा, दोघांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स पाठवा. आई, रंग आपण बदलून घेऊ. तुळशीची कुंडी जरूर आण, फक्त ती जिन्यात ठेवायची नाही.

तुमची,
मनू