बॉक्समधल्या कपड्यावर सेंटिमीटर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीआधी माझ्या डाव्या खांद्याचे दुखणे बळावले, हात डोक्याच्या वर नेणे कठीण झाले आणि ठाण्यातल्या गोखले रोडला जाऊन कपडे घेणे थांबले. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने त्यावर तोडगा म्हणून एका कंपनीचे तीन महिन्यांचे सबस्क्रिप्शन माझ्या नावे भरले. दर महिन्याला पाच कपड्यांचा एक बॉक्स घरी येतो, कपडे घालून पाहायचे, पसंत पडतील त्यांचे पैसे भरायचे आणि उरलेले त्याच बॉक्समधून परत पाठवायचे, असा हा व्यवहार आहे. मी ठाण्यातील एका मुलींच्या शाळेत २७ वर्षे शिवणकाम शिकवले असल्यामुळे या बॉक्सकडे मी नुसती गिऱ्हाईक म्हणून पाहू शकले नाही. दोन बॉक्स पाहून झाल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, अशा प्रत्येक कपड्यासोबत त्याची प्रत्यक्ष मापे सेंटिमीटरमध्ये छापून आलीच पाहिजेत.

ही पद्धत मुळात चांगली आहे, हे आधी नमूद करते. अमेरिकेत २०११ साली सुरू झालेल्या स्टिच फिक्स या कंपनीमुळे ती बरीच प्रसिद्धीस आली. ग्राहकाकडून आवडीनिवडीची प्रश्नावली भरून घ्यायची, स्टायलिस्टने निवडलेले पाच नग घरी पाठवायचे, निवडीचे २० डॉलर आकारायचे आणि ग्राहकाने काही ठेवून घेतले तर ती रक्कम बिलातून वजा करायची, अशी तिची रीत होती. सणासुदीच्या गर्दीत दुकानातल्या ट्रायल रूमबाहेर रांगेत उभे राहायचे, नीट न लागणारा पडदा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कुर्ता अंगात चढवायचा आणि बाहेर कोणी ताटकळले आहे म्हणून घाईघाईत ‘चालेल’ म्हणून टाकायचे, हा आपल्यापैकी बहुतेक बायकांचा अनुभव आहे. आमच्या इमारतीतील एका भगिनीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यानंतर चार वर्षे त्या एकाही ट्रायल रूममध्ये गेल्या नाहीत. माझ्या पहिल्या बॉक्समधला पुढे बटणे असलेला गडद निळा कुर्ता त्यांनी माझ्या खोलीत, दाराला आतून कडी घालून, आरशासमोर सावकाश घालून पाहिला आणि बराच वेळ अंगावरून काढला नाही. कपडा घरी घालून पाहण्याचे मोल मला त्या संध्याकाळी कळले, म्हणूनच त्यातील उणिवा दूर व्हाव्यात असे मनापासून वाटते.

कपडा अंगावर बसला की नाही, हे आरशासमोर ताठ उभे राहून कळत नाही. मी मुलींना नेहमी सांगत असे की, कपडा शिवून झाला की तो घालून हात वर करा, पुढे वाका, मांडी घालून बसा आणि मगच शेवटची टीप मारा. सकाळी ठाणे स्थानकात लोकलमध्ये शिरून वरची कडी धरणाऱ्या बाईला मुंढा, म्हणजे बाही जोडलेला काखेभोवतीचा घेर, कुठे काचतो हे पाचव्या मिनिटाला समजते, पण तोवर बिल झालेले असते. दुसऱ्या बॉक्समधला एक कुर्ता मी घातला, खांदा अगदी बरोबर बसला होता, आणि सवयीप्रमाणे कपडे वाळत घालायच्या दांडीकडे उजवा हात नेला, तोच काखेशी काहीतरी तट्कन तुटले. कंपनीने आपल्या टॅगची प्लास्टिकची दोरी नेमकी काखेच्या शिवणीतून ओवली होती, आणि टॅग तुटल्यास कपडा विकत घेतला असे समजले जाईल, हे बॉक्समधील कागदावर बारीक अक्षरांत छापलेले होते. मुंढ्यात आवळणाऱ्या त्या कुर्त्याचे १,४५० रुपये माझ्या मुलीच्या खात्यातून गेले. कपडा घालून पाहायला दिला, पण हात हलवायला मनाई केली, असा याचा अर्थ होतो.

रागाच्या भरात न बोलता मी टेप घेऊन बसले. त्याच बॉक्समध्ये दोन कुर्ते होते आणि दोन्हींवर ‘एल’ असे लिहिलेले होते. बटणे लावून, पलंगावर सपाट पसरून, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजले, तेव्हा एक ५३ सेंटिमीटर भरला आणि दुसरा ४९. म्हणजे छातीच्या पूर्ण घेरात ८ सेंटिमीटरचा फरक, तोही एकाच अक्षराखाली. बॉक्समधील तक्त्यात ‘एल’साठी छातीचे एक माप दिलेले होते खरे, पण ते अंगाचे माप की कपड्याचे, याचा उल्लेख नव्हता. शिवणकामात या दोन मापांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण श्वास घेण्यासाठी आणि हातापायांच्या हालचालीसाठी कपड्यात अंगापेक्षा काही सेंटिमीटर जास्त सोडावे लागतात. आतली शिवण उलटून पाहिली, तर तिथे अर्धा सेंटिमीटरसुद्धा माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, नव्हते. घरी शिवलेल्या कपड्यात आपण बाजूच्या शिवणीत दोन-अडीच सेंटिमीटर माया सोडतो, म्हणून अंग भरले तरी कपडा उसवून सैल करता येतो. या कुर्त्यात ती सोय नसल्यामुळे माप चुकले की कपडा कायमचा वाया जातो.

सुती कापडाचा आणखी एक प्रश्न आहे. शिवण्यापूर्वी कापड पाण्यातून काढून वाळवावे, हा शिवणवर्गातला पहिला धडा असतो, कारण पहिल्या धुण्यात सुती कापड आटते. १०० सेंटिमीटर उंचीचा कुर्ता शेकडा ३ आटला तर तो ९७वर येतो, आणि बाहीही त्याच प्रमाणात वर चढते. घालून पाहताना कपडा कोरा असतो व धुऊन पाहण्याची मुभा नसते, तेव्हा कापड आधी पाण्यातून काढले आहे की नाही, एवढे एक वाक्य तरी कपड्यासोबतच्या चिठ्ठीवर असायला हवे.

महिन्याला घरी येणारे सामान ठाणेकरांना नवीन नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांच्या संघांना महिन्याचे वाणसामान पोहोचवत आली आहे. तिथे यादीत एक किलो तूरडाळ लिहिली की ती तागडीवरही एक किलोच भरते, म्हणून शंका आली तर भांडता येते. ‘एल’ या अक्षराशी कसे भांडायचे? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष वस्तू, तसेच जाहिरात केलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. परंतु वर्णनात केवळ एक अक्षर असेल, तर न जुळणारे असे काय दाखवणार? तेच चिठ्ठीवर ‘छातीचा घेर १०६ सें.मी.’ असे छापलेले असेल आणि टेप ९८ दाखवत असेल, तर चूक कोणाची हे सांगायला वकील लागत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेने मला मात्र ‘साइजमध्ये थोडा फरक होऊ शकतो’ एवढेच उत्तर दिले.

आपल्या अंगाची मापे मुळात उपलब्धच नाहीत, ही सबबही फार दिवस टिकणारी नाही. केंद्र सरकारच्या इंडियासाइज प्रकल्पात निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे काम हाती घेतले होते. मुंढा कुठे काचतो आणि कंबर कुठे सैल पडते, याची उत्तरे परक्या देशाच्या तक्त्यापेक्षा अशा कामातून मिळण्याची शक्यता अधिक आहे. परंतु त्या मापांवरून बनणारा तक्ता बाजारात रुळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. खांदा, मुंढा, छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), बाही आणि उंची एवढी सात मापे कपड्याला टेप लावून चिठ्ठीवर लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात.

त्याचबरोबर टॅग काखेत न लावता खालच्या घेराला लावावा. घालून पाहण्यासाठी आज मिळणारे तीन दिवस वाढवून सात करावेत, म्हणजे नोकरदार बाईला मधला एक रविवार मिळेल. शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणि ग्राहक संघटनांनी या मागण्या कंपन्यांपुढे ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

माझा तिसरा आणि शेवटचा बॉक्स पुढच्या आठवड्यात येईल. प्रत्येक कपडा अंगात घालण्यापूर्वी मोजून, लेबलचा आणि टेपचा फोटो काढून मी कंपनीला पाठवणार आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, जिथे जिथे असे बॉक्स येतात तिथल्या भगिनींनीही हेच करावे, आणि फरक मोठा निघाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तो नोंदवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
नौपाडा, ठाणे (प.)