जर्मनीतला विक्री प्रतिनिधी नेमण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या कारखान्याचे व्हॉल्व्ह जर्मनीत विकायला तिथलाच एखादा माणूस घरून काम करणारा विक्री प्रतिनिधी म्हणून नेमायचा, हा तुमचा विचार मला पटला. तिथल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत जर्मन बोलणारा माणूस लागतोच. नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये इंग्रजीवर निभावतं. जर्मनी, फ्रान्स, इटली, जपान इथे ते अवघड जातं. पण जाहिरातीत 'मातृभाषा जर्मन' ही अट तुम्ही सगळ्यात वर घातली आहे, ती जरा खाली न्या. भाषा येणारे पुष्कळ मिळतील, व्हॉल्व्ह विकलेला शोधावा लागेल. मुलाखतीत विचारा की शेवटचे तीन सौदे कोणते, समोर खरेदी अधिकारी होता की देखभाल विभागाचा इंजिनिअर, पहिल्या फोनपासून ऑर्डरपर्यंत किती महिने लागले, आणि कुठला सौदा हातचा गेला, का गेला. या शेवटच्या प्रश्नावर 'किंमत जास्त पडली' एवढंच सांगणारा माणूस बहुधा खरेदी खात्याच्या दारातूनच परत आलेला असतो.

निवडलेल्या दोघांना दोन आठवड्यांचं काम द्या, पण पैसे देऊन. फुकट काम सांगितलं की चांगली माणसं तिथेच गळतात. ३० संभाव्य ग्राहकांची यादी, त्यातल्या १० जणांना फोन आणि प्रत्येक फोनचं टिपण, एवढं पुरे. ते फोन ऐकायचा मोह होईल, पण समोरच्याच्या संमतीशिवाय बोलणं रेकॉर्ड करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. त्याऐवजी उमेदवाराकडून लुटुपुटीचा विक्रीचा फोन करून घ्या आणि जर्मन येणाऱ्या, आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला तो ऐकवा. आणि 'हजार कंपन्यांना ईमेल टाकतो' असं जो पहिल्याच दिवशी म्हणेल, त्याला थांबवा. तिथे आधी संमती घेतल्याशिवाय जाहिरातीची ईमेल कंपन्यांनाही पाठवता येत नाही. फोनला थोडी सवलत आहे, पण समोरच्या कंपनीला त्या मालात रस असेल असं मानायला ठोस कारण हवं.

आई, तुझं म्हणणं, महिन्याचे पैसे कशाला, विकेल त्यावर कमिशन देऊ. निव्वळ कमिशनवर काम करणारे अनुभवी लोक असतात, पण ते एकाच वेळी चार-पाच कंपन्यांचा माल फिरवतात. अनोळखी ब्रँड त्यांच्या बॅगेत तळाशी जातो. आपल्यासारख्या मालाची पहिली ऑर्डर यायला सहा महिने ते वर्ष सहज लागतं, तोवर तो काय खाणार? पहिले नऊ महिने ठरावीक मासिक रक्कम आणि थोडं कमिशन, मग दर तिमाहीला रक्कम कमी आणि कमिशन जास्त, असं ठेव. कमिशन बिलावर नको, बँकेत जमा झालेल्या रकमेवर दे, आणि त्यातून वाहतूक, कर आणि परत आलेला माल वजा कर. आपले आधीपासूनचे जर्मन ग्राहक कोणते, त्यांची नावानिशी यादी कराराला जोड. नाहीतर त्यांच्या पुढच्या ऑर्डरवरही तो हक्क सांगेल.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. तो आपला नोकर नसून स्वतंत्र एजंट असला की युरोपीय संघाचा १९८६ चा निर्देश, म्हणजे अशा एजंटांना संरक्षण देणारा नियम, लागू होतो. मुदत न घातलेला करार संपवताना पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्यापासून किमान तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याने नवे ग्राहक आणले असतील आणि त्यांचा फायदा आपल्याला पुढेही मिळणार असेल, तर नोटिशीखेरीज भरपाईही द्यावी लागते. जर्मनीत तिची कमाल मर्यादा म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन. फ्रान्समध्ये न्यायालयं साधारण दोन वर्षांचं देतात. 'करारात आपल्या देशाचा कायदा लिहू' हा उपाय चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीने तसंच लिहिलं होतं, आणि एजंट युरोपात काम करत असेल तर हे संरक्षण टाळता येत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००० साली दिला. म्हणून ही भरपाईची रक्कम पहिल्या दिवसापासून खर्चात धर. तो स्वतःहून सोडून गेला तर सहसा ती द्यावी लागत नाही, पण आजारपण किंवा वयामुळे सोडलं तर लागते.

दुसरा धोका नेमका उलट बाजूचा. कागदावर स्वतंत्र, पण कामाच्या वेळा आपण ठरवणार, सुट्टी आपल्याला विचारून, दुसरं काम घ्यायचं नाही. असं झालं की तिथली यंत्रणा त्याला नोकर ठरवते आणि सामाजिक विम्याची मागची थकबाकी आपल्या गळ्यात येते. नोकरच हवा असेल तर तिथल्या कायद्याने त्याला स्वतःच्या पगारपत्रकावर घेऊन आपल्याला काम करून देणारी कंपनी मध्ये घ्या. महाग पडतं, पण सरळ असतं.

बाबा, कोटेशन आणि करारावर सही तुमचीच राहू द्या. तो नेहमी आपल्या नावाने सौदे पक्के करू लागला तर तिथलं कर खातं आपली तिथे कायम आस्थापना आहे, म्हणजे आपला धंदाच तिथे चालतो आणि त्या नफ्यावर तिथे कर लागतो, असं धरू शकतं. आणि सही तुमची असली तरी सौदा प्रत्यक्षात तोच ठरवत असेल, तर काही देशांशी झालेल्या करारांत तेवढंही पुरतं. सही करण्याआधी कर सल्लागाराला मसुदा दाखवा.

ईमेल आपल्याच डोमेनवर द्या, आणि प्रत्येक भेटीची नोंद आपल्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) झाल्याशिवाय महिन्याचं बिल मंजूर करू नका. माणूस गेला तरी ग्राहक कागदावर राहतात.

प्रतिनिधी सोडून जातात त्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच बाजूला असतं. ग्राहकाने तांत्रिक प्रश्न विचारला, नमुना मागितला, आणि उत्तर आठ दिवसांनी गेलं, की त्या माणसाची तिथली पत जाते. कारखान्यात एक जण नेमा, जो त्याला २४ तासांत उत्तर देईल, 'अजून माहिती काढतोय' एवढं का होईना. डेटाशीट (मालाची तांत्रिक माहिती देणारं पत्रक) जर्मनमध्ये आणि दाब, जोडणी तिथल्या मानकांप्रमाणे, हे तो रुजू होण्याआधी तयार हवं.

तीन महिन्यांनी ऑर्डर मोजू नका. योग्य माणसाशी किती भेटी झाल्या, किती नमुने मागवले गेले ते बघा, आणि त्याची टिपणं वाचा. सगळीकडे आपल्या मालाच्या प्रमाणपत्रावर अडत असेल तर दोष त्याचा नाही. कुणी फोनच उचलत नसेल तर यादी चुकली. नोंदीच नसतील तर माणूस बदला, नवे ग्राहक जमायच्या आत.

मसुदा आला की पाठवा, सहीच्या आधी. कमिशनचं आणि करार संपवण्याचं कलम मी आधी बघते.

तुमची लेक