चाचा, त्या दिवशी तुम्ही ड्रम बंद केला नाहीत

चाचा, सलाम.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही पोराला चहा सांगता आणि गाडीचं विचारता. चार वर्षं असंच चाललंय. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. नातू वाचून दाखवेल.

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला वऱ्हाड न्यायचं होतं. आमची कमांडर जीप ब्रेक मारला की उजवीकडे ओढत होती, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर. मी पाटणला तुमच्या गॅरेजात आलो आणि म्हणालो, "ब्रेकचे लायनर टाकून द्या, तासाभरात निघायचंय." आदल्या पावसाळ्यात दुसरीकडे लायनर टाकले होते, तेव्हा तासाभरातच गाडी हातात मिळाली होती.

तुम्ही डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम, म्हणजे लायनर ज्याला आतून घासून चाक थांबवतात ते गोल झाकण, उतरवला. आतली धूळ हवा मारून उडवली नाहीत, ओल्या फडक्यानं पुसून घेतलीत. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती छातीत जाऊ द्यायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं. लायनर झिजलेले नव्हते, ग्रीसनं माखून चकचकीत झाले होते. डावं चाक ब्रेक धरतच नव्हतं, म्हणून गाडी उजवीकडे जात होती. नवे लायनर टाकून ड्रम बंद केला असतात तरी मला काही कळलं नसतं. पैसे देऊन मी निघून गेलो असतो. तुम्ही मात्र पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "ग्रीस हबातून आलंय. हब उघडल्याशिवाय मी हे बंद करणार नाही."

मी चिडलो होतो, चाचा. आवाजही चढवला होता. त्याबद्दल आज माफी मागतो.

हब, म्हणजे बेअरिंगं बसतात तो चाकाचा मधला भाग, उतरला. ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या ऑईल सीलची कड चिरलेली होती. ग्रीस काळं पडून पातळ झालेलं, कारण जुनं न धुता त्यावरच दुसऱ्या जातीचं ग्रीस थापलं होतं. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळसर पडलेले. तुम्ही माझं बोट धरून कपच्या, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या, आतल्या बाजूनं नख फिरवायला लावलंत. एका जागी नख अडकलं. डोळ्याला तो खड्डा जेमतेम मोहरीएवढा दिसत होता. "घाटात हा रोलर इथंच फुटला असता," एवढंच म्हणालात. त्या गाडीत माझी आई बसणार होती.

मग पोराला एस.टी.नं कराडला पाठवलंत. कोन, म्हणजे रोलर बसवलेलं आतलं कडं, नवा आणि कप जुना असं चालत नाही, जोडीच बदलायची. सील कधीच पुन्हा वापरायचं नाही. लायनर दोन्ही बाजूंचे टाकायचे, नाहीतर गाडी पुन्हा ओढणारच. पोरगं येईपर्यंत चांगल्या बाजूची बेअरिंगं डिझेलमध्ये धुऊन घेतलीत. मी हौसेनं कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरागरा फिरवायला गेलो, तर हातातून काढून घेतलंत. कोरडं बेअरिंग असं फिरवलं की तिथंच खराब होतं.

जुना कप पितळी ठोकणीनं समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं ठोकत काढलात आणि नवा तसाच बसवलात. "कान दे," म्हणालात. ठक, ठक, ठक, आणि एकदम भरीव ठण्ण. कप तळाला टेकला. तो आवाज आजही मी पहिल्या फटक्यापासून शोधत असतो. मग डाव्या तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहिलात, रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूला ग्रीस डोकावेपर्यंत. वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. आणि हब ग्रीसनं ठासून भरायचा नाही, तापल्यावर तेच ग्रीस सील ढकलून लायनरवर येतं.

नटाची गोष्ट तर मी वहीत लिहून ठेवली आहे. चाक फिरवत फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळायचा, मग सहावा हिस्सा, म्हणजे नटाचा एक पैलू, मागे घ्यायचा. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरचा कान वाकवायचा. घट्ट आवळलेला नट बघून मला बरं वाटायचं. त्याच घट्टपणानं बेअरिंग जळतं, हे तुम्ही दाखवलंत.

आमचे आजोबा बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय बाजाराला निघत नसत. हे निमुळते रोलरही घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी काढले, पेटंट १८९८ चं. गाडीचं वजन आणि वळणावरचा आडवा रेटा, दोन्ही ते पेलतात, म्हणून हबात दोन बेअरिंगं तोंडं उलट करून बसवलेली असतात. हे मी नंतर वाचलं, पण समजलं ते तुमच्या तळहाताकडे बघितलं होतं म्हणून.

रात्री साडेनऊला चाक चढलं. तुम्ही ते वर-खाली धरून हलवलंत, मला ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलंत. ब्रेक दाबल्यावर खेळ, म्हणजे चाकाचा सैलपणा, गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा. एवढी सोपी परीक्षा मला आधी कुणीच सांगितली नव्हती. "सपाट रस्त्यावर वीसेक किलोमीटर जा आणि हबाला हात लाव. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर परत ये." आम्ही पहाटे कोयनानगरला थांबून हात लावला. कोमट होता. आईनंही लावून बघितला.

पैसे घेतलेत ते बेअरिंगचे, लायनरचे आणि नेहमीच्या मजुरीचे. अर्ध्या रात्रीचे नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ब्रेक उघडले की मी हबही उघडतो. गेल्या दिवाळीत मेव्हण्याच्या नव्या गाडीत घूं असा आवाज येत होता. डावीकडे वळताना तो वाढायचा, म्हणजे भार पडणाऱ्या उजव्या चाकाचा. तिथलं बेअरिंग बंद जातीचं, त्यात ग्रीस भरता येत नाही, सरळ बदलावं लागतं. ते त्याच आठवड्यात बदलून घेतलं. त्याच्या घरीही तुमचं नाव निघतं, चाचा.

यंदाचं काम परवा केलं. सील नवे, दोन लॉक वॉशर जादा आणून ठेवलेत. रविवारी चिपळूणला जाताना गाडी तुमच्या दारात उभी करतो. डावं चाक एकदा हलवून बघा. मी ब्रेक दाबून बसतो.