साध्या वर्षांची पानं

ती. आई, ती. बाबा आणि ताई,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांच्या याद्या करून तुमच्या हाती काय लागतं?" बाबा, मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन ठेवला. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घोळतोय. आज खोलीत मी एकटीच आहे, तेव्हा सविस्तर लिहायला बसले.

आधी काम काय आहे ते सांगते. 1918 सालच्या फ्लूच्या साथीतल्या एका गावाच्या मृत्यूनोंदींची रजिस्टरं स्कॅन करून ठेवलेली आहेत. ती वाचायची, प्रत्येक नोंद तक्त्यात उतरवायची आणि साथ गावात कधी शिरली, कुणाला घेऊन गेली ते शोधायचं. आम्ही सहा विद्यार्थी आहोत. एकजण डॉक्टरकी शिकतोय, दोघं संख्याशास्त्राचे, एक इतिहासाची, एक संगणकाचा आणि सार्वजनिक आरोग्याची मी. मार्गदर्शक बाई महिन्यातून एकदा येतात, प्रश्न विचारतात आणि जातात. बाकी सगळं आमचं आम्ही ठरवायचं. सुरुवातीला मला हे सोपं वाटलं होतं. वाचायचं आणि भरायचं, त्यात ठरवायचं काय?

आमचा पहिला नियम असा, की प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे आणि जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्याने मूळ पान बघून निकाल द्यायचा. दोघांचं कितपत जुळलं हे मोजायला कप्पा नावाचं एक माप आहे. जेकब कोहेन यांनी ते 1960 मध्ये मांडलं. नुसत्या योगायोगाने जे जुळतं ते त्यातून वजा होतं. आमचा पहिल्या आठवड्याचा कप्पा बघून सगळे गप्प झालो होतो.

त्या आठवड्यातली एक नोंद मी विसरणार नाही. ऑक्टोबर 1918, एक बाई, कारण न्यूमोनिया. वयाच्या रकान्यात मी 78 लिहिलं, माझ्या जोडीदारणीने 28. निकाल द्यायला इतिहासवाली बसली. तिने पान मोठं केलं, वयावर नजरही न थांबवता शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "हे वाच." तिथे धंदा लिहिला होता: टेलिफोन ऑपरेटर. 1918 साली अठ्ठ्याहत्तर वर्षांची टेलिफोन ऑपरेटर कुठून असणार? शाई खाली विटली होती, दोनच्या पायाची रेघ पुसट झाली होती आणि वर उरला होता तो साताचा आकार. पण खरं सांगू का आई, शाईचा दोष अर्धाच. फ्लूने म्हातारी माणसं जातात हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून डोळ्यांना सात दिसला. 1918 च्या साथीची ओळखच अशी, की तिने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं फार मोठ्या संख्येने नेली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी पानावर समोर आलं तेव्हा मी ते पुसून टाकलं.

त्या रात्री मी माझ्या आधीच्या सगळ्या नोंदी परत उघडल्या. अशाच आणखी काही सापडल्या, आणि सगळ्या एकाच दिशेने चुकलेल्या. तरुण माणसांना मी म्हातारं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगताना आवाज नीट फुटत नव्हता. कुणी काही बोललं नाही. डॉक्टरकीवाल्याने आपलाही लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मीही बघतो माझ्या." त्या एका वाक्याने आमची टोळी झाली असं मला वाटतं. तोवर आम्ही फक्त सहा जण होतो.

दुसरी गोष्ट तारखांची. आम्ही वेगवेगळ्या देशांतले. कुणी आधी दिवस लिहितो, कुणी आधी महिना. तक्त्याने दोन्ही मुकाट्याने घेतलं. महिनावार आलेख काढला तर वसंतात मृत्यू वाढलेले दिसले. संख्याशास्त्रातली एकजण आनंदाने उठूनच उभी राहिली, कारण मार्च 1918 मध्ये अमेरिकेत, कॅन्ससमधल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत शेकडो सैनिक फ्लूने आजारी पडल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या गावातही साथीची सौम्य पहिली लाट येऊन गेली की काय! त्या रात्री आमच्यापैकी कुणीच धड झोपलं नाही. पहाटे तिचाच निरोप आला. तिने आलेख महिन्याऐवजी दिवसावर काढला होता. वर्षातल्या प्रत्येक महिन्याच्या 10 आणि 11 तारखेला मृत्यू एकदम वर गेलेले, वसंतातले बाकी दिवस सपाट. साथ काही कॅलेंडर बघून येत नाही. ऑक्टोबरच्या 3 तारखेचा मृत्यू 10 मार्चला जाऊन बसला होता, 4 नोव्हेंबरचा 11 एप्रिलला. वसंतातली लाट आम्हीच तयार केली होती. सगळ्यांत जास्त आनंद जिला झाला होता, तिनेच ती मोडून काढली. तिच्याबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत सांगता येत नाही.

आता तारीख, महिना आणि वर्ष आम्ही तीन वेगळ्या रकान्यांत भरतो. ताई, तुला वाटेल एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक. पण 2020 च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये 15,841 कोविड रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले होते. कारण काय, तर जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळींपलीकडे काही मावत नाही. रुग्णांना त्यांचा अहवाल मिळाला, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना गाठायला उशीर झाला. साथीच्या कामात रकाना चुकला की त्याच्या पलीकडे माणूस असतो.

आणि तुला तो लाल ठिपक्यांचा नकाशा आठवतो? लॉकडाऊनमध्ये तू रोज रात्री मोबाइलवर उघडायचीस तो, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा. तो एन्शेंग डाँग या पीएचडीच्या विद्यार्थ्याने त्याच्या प्राध्यापक लॉरेन गार्डनर यांच्यासोबत केला होता. 22 जानेवारी 2020 ला तो सुरू झाला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना 11 मार्चला 'पॅन्डेमिक' म्हणाली त्याच्या कितीतरी आधी. पहिले काही दिवस सगळे आकडे हाताने भरले जात होते. सगळं जग ज्या आकड्यांकडे डोळे लावून बसलं, ते सुरुवातीला असेच कुणीतरी एकेक करून भरत होतं.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते मृत्यूच्या कारणावरून. भांडणच म्हणते, कारण दोन आठवडे आमच्यातले दोघं एकमेकांशी नीट बोलत नव्हते. रजिस्टरमध्ये कुठे इन्फ्लुएंझा लिहिलंय, कुठे न्यूमोनिया, कुठे दोन्ही, कुठे नुसतं हृदयक्रिया बंद. यातला फ्लूचा मृत्यू कुठला धरायचा? डॉक्टरकीवाल्याचं म्हणणं, न्यूमोनियाही धरा, कारण फ्लूवर न्यूमोनिया होऊनच बहुतेक माणसं गेली. इतिहासवालीचं म्हणणं, त्या काळच्या डॉक्टरने जे लिहिलंय तेच खरं माना, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. दोघांचंही मला पटत होतं. तेव्हाच्या डॉक्टरांना कारण ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पुष्कळजण एका जिवाणूला दोष देत होते, आणि माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो 1933 मध्ये. ती माणसं अंधारात चाचपडत, रात्री-अपरात्री घरोघर जाऊन एका शब्दात कारण लिहीत होती.

तोडगा जुनाच निघाला. कारण बाजूला ठेवायचं आणि मोजायचं एवढंच, की नेहमीच्या वर्षी या महिन्यात जितके मृत्यू व्हायचे त्यापेक्षा किती जास्त झाले. लंडनमध्ये 1847 साली फ्लूची साथ आली तेव्हा विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने हीच रीत वापरली होती. कोविडलाही हीच रीत लावली गेली. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत जगभर नोंदवलेले कोविड मृत्यू सुमारे 54 लाख, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जादा मृत्यू 1 कोटी 49 लाखांच्या आसपास. त्यात तपासणी न झालेले आले, आणि दवाखान्यात जागा न मिळाल्याने दुसऱ्याच आजाराने गेलेलेही आले. मधला हा जो फरक आहे ना बाबा, त्यातली माणसं कुठल्याच यादीत नव्हती. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे सापडलं.

पण या रीतीला एक किंमत द्यावी लागते. 'नेहमीचं वर्ष' म्हणजे काय हे कळायला 1913 ते 1917 ची रजिस्टरंही वाचावी लागतात. तिथे साथ नाही, लाट नाही. क्षय, बाळंतपण, घटसर्प, म्हातारपण, विहिरीत पडून. ही साधी वर्षं कुणालाच नको होती. सगळ्यांना ऑक्टोबर 1918 हवा होता. वाटणीच्या दिवशी बराच वेळ कुणी बोलेना, मग संगणकवाला हळूच म्हणाला, "1915 मी घेतो." पुढच्या शनिवारी तो सांगायला लागला, की त्या वर्षी जुलैत लहान मुलांचे मृत्यू कसे वाढतात आणि थंडीत म्हाताऱ्यांचे. त्या गावाचा नेहमीचा श्वास त्याला ऐकू यायला लागला होता. त्यानंतर मी 1914 मागून घेतलं.

याच मुलाबद्दल अजून एक सांगायचंय. मधले दोन शनिवार तो आलाच नाही. आमच्यात कुजबुज झाली की याने अंग काढून घेतलं. शेवटी मी त्याच्या खोलीवर गेले. 2021 मध्ये त्याची आई कोविडने गेली, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. 1915 वाचताना काही वाटत नव्हतं म्हणाला, पण ऑक्टोबरच्या पानांवर एकाच घरातली तीन नावं एका आठवड्यात आली आणि त्याला पुढे वाचवेना. सहा महिने रोज मृत्यू मोजत बसलेले आम्ही, आणि शेजारी बसलेल्याला साधं विचारलं नव्हतं, की तुझ्या घरी काय झालं होतं? आता शनिवारी पहिली दहा मिनिटं तक्ते बंद असतात, कुणाला कसं वाटतंय एवढंच बोलतो. तो परत आलाय. पानं वाचत नाही, पण कुठला शब्द कसा भरायचा याचे नियम लिहिलेली आमची वही आता त्याच्याकडे आहे, आणि इतकी नीटस वही मी दुसरी पाहिली नाही.

आई, तुला एक गोष्ट आवडेल. योहान हुल्टिन नावाचा एक स्वीडिश विद्यार्थी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकत होता. अलास्कात ब्रेव्हिग मिशन म्हणून एक खेडं आहे. तिथे नोव्हेंबर 1918 मध्ये पाच दिवसांत 80 मोठ्या माणसांपैकी 72 जण गेले आणि त्यांना कायम गोठलेल्या जमिनीत पुरलं. 1951 मध्ये हा तिथे गेला, गावातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेतली, फुप्फुसांचे नमुने आणले. प्रयोगशाळेत काही केल्या विषाणू वाढला नाही. प्रकल्प फसला. तब्बल 46 वर्षांनी, 1997 मध्ये, जेफ्री टॉबेनबर्गर या अमेरिकी शास्त्रज्ञांचा 1918 च्या विषाणूवरचा शोधनिबंध वाचून त्याने त्यांना पत्र लिहिलं, आणि वयाच्या 72 व्या वर्षी परत त्याच गावी गेला, परत परवानगी मागितली. या दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांचा मोठा वाटा होता, म्हणून 2005 मध्ये 1918 च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय मांडणी हाती आली. मला यातलं सगळ्यांत जवळचं काय वाटतं सांगू? काम झाल्यावर त्याने कबर नीट बुजवली आणि तिथले जुने क्रूस राहिले नव्हते म्हणून स्वतः दोन नवे करून उभे केले.

आम्हीही नावं तक्त्यात ठेवत नाही, फक्त क्रमांक ठेवतो. पण पान वाचताना नाव मोठ्याने उच्चारायचं, असं आमच्यात न ठरवताच ठरून गेलंय. त्या टेलिफोन ऑपरेटरचं नाव मला पाठ आहे.

शोधनिबंधावर कुणाचं नाव पहिलं यावर एक संध्याकाळ गेली, ते फारसं सांगण्यासारखं नाही. चिठ्ठ्या न टाकता, कामाच्या नोंदी बघून ठरवलं. माझं चौथं आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत तसं रोखठोक उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण आता कुठलाही आकडा ऐकला की तो कुणी मोजला, काय मोजायचं राहिलं आणि कोण कोण त्यावर भांडलं असेल, हे आधी मनात येतं. पूर्वी येत नव्हतं.

पुढच्या रविवारी माझा फोन नेहमीपेक्षा तासभर उशिरा येईल, काळजी करू नका. फेब्रुवारी 1919 ची पानं आम्हा दोघींकडे आली आहेत, त्यात साथ पुन्हा डोकं वर काढते. अक्षरही बदललंय. आधीच्या कारकुनाचं ठळक, उजवीकडे कललेलं अक्षर जानेवारीच्या मध्यावर थांबतं आणि पुढे कुणा दुसऱ्याचं बारीक अक्षर सुरू होतं. आधीच्याची नोंद त्याच रजिस्टरमध्ये आहे का, ते अजून आम्ही पाहिलेलं नाही. शनिवारी सगळे मिळून बघणार आहोत.

ताई, आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळ. बाबा, तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी