तक्रार राफ्टची, नुकसान पायांनी

संपादक महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून कुलू-मनालीला जाणाऱ्या बहुतेक सहलींत बियास नदीवरचे राफ्टिंग ठरलेले असते. याच बियासच्या वरच्या भागात आणि तीर्थन, सैंज या तिच्या उपनद्यांत ट्राउट मासा आहे, त्यामुळे परवाना काढून गळ टाकणारेही आहेत. ‘राफ्टमुळे मासा पळतो’ असे गळवाले म्हणतात, ‘हे वाट अडवून उभे राहतात’ असे राफ्टवाले. दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडतात.

ट्राउट भर धारेत फारसा थांबत नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासते त्या रेषेवर किंवा डोह संपून पाणी उथळ होते तिथे तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वाहून येणारे किडे टिपतो. राफ्टला तर धारच लागते. त्यामुळे पिरडी ते झिरी या टप्प्यात धार धरून गेलेली राफ्ट माशाला थोडा वेळ दबकवते, एवढेच. गळवाले ओरडतात तितका तो भीत नाही.

समोर गळवाला दिसला की गाइडने पन्नासेक मीटर अलीकडूनच हाक द्यावी, गळ पडतो आहे त्याच्या विरुद्ध बाजूला राफ्ट घ्यावी आणि ‘स्टॉप’ म्हणून वल्ही उचलायला लावावीत. माणूस पाण्यात शिरून उभा असेल आणि मागे पुरेशी खोली असेल तर त्याच्या पाठीमागून जावे, नसेल तर पलीकडचा काठ धरावा. गळवाल्याने दोरी गुंडाळून दांडीचे टोक पाण्यालगत न्यावे. घाईत दांडी उंच धरली जाते आणि ताणलेली दोरी नेमकी राफ्टमधल्यांच्या गळ्याच्या उंचीवर येते.

खरे नुकसान होते ते पाण्यात उतरलेल्या पायांनी, आणि तेही तीर्थनसारख्या लहान नदीत जास्त. ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी उथळ पाण्यातल्या खडीत शेपटीने खळगा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. गार पाण्यात अंडी फुटायला दोन-तीन महिने लागतात आणि पिल्ले पुढेही काही आठवडे खडीतच असतात. हिमाचलात ट्राउटच्या मासेमारीवर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. पण ती उठते तेव्हा सगळी पिल्ले बाहेर आलेली नसतात. म्हणून होळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी स्वच्छ, मोकळ्या खडीवरून चालू नये. गळवाल्यांनीही नाही, गमबूट घालून तिथे सर्वांत जास्त फिरतात ते तेच. मे महिन्यात खडी रिकामी झालेली असते, मात्र पिल्ले काठच्या घोटाभर पाण्यात दगडांखाली लपतात. फोटोसाठी दगड रचून बांध घालायची हौस इथेच नडते. दगड उलटला की त्याला चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या, म्हणजे ट्राउटचे खाणे, वाहून जातात.

ट्यूब घेऊन उतरणाऱ्यांनी दोन-तीन ट्यूब दोरीने एकत्र बांधू नयेत. दोरी धोंड्यात अडकली की प्रवाह सगळ्यांना खाली दाबतो. ट्यूब उलटली तर उभे राहायची धडपड करू नये. पाय दगडांच्या सांदीत अडकतो आणि गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. पाठीवर पडून पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत.

गळवाल्यांचा मोठा अपराध म्हणजे तुटून तळाशी राहिलेले स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारे चकचकीत पत्र्याचे आमिष. तीन आकड्यांचा तो गळ अनवाणी पायात घुसला की उलट्या काट्यामुळे सहज निघत नाही. एकच आकडा वापरावा, त्याचा काटा पक्कडीने दाबून टाकावा. गळ अडकला तर हिसका न देता प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाऊन उलट दिशेने ओढावा.

वेळ वाटून घेणे सोपे आहे. मे-जूनमध्ये बर्फ दुपारी वितळते आणि ते पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोहोचून नदी चढते, गढुळते. पहाटे पाणी निवळ असते आणि मासा गळाला लागतो, तेव्हा पर्यटक नाश्त्यालाही बसलेला नसतो. राफ्टच्या टप्प्यात नऊपर्यंत गळ, नंतर राफ्ट, एवढे दोघांनी पाळले तरी पुरे. सहल कंपन्यांनी वेळापत्रकासोबत ही माहिती छापावी.

आणि धरणाखाली दोघांनीही उतरू नये. ८ जून २०१४ रोजी बियासवरच्याच लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. कोलाडला कुंडलिकेत वीजप्रकल्पाचे पाणी येण्याची वेळ राफ्टवाल्यांना ठाऊक असते, इथे नवख्याला ती ठाऊक नसते. भोंगा वाजला किंवा पाणी एकाएकी गढूळ होऊन काटक्या वाहू लागल्या, तर दांडी, चपला, मोबाइल तिथेच टाकून काठ चढावा.

— एक वाचक, पुणे